मागच्या बाकावरची मान

आजवर कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही: मी एका चांगल्या मास्तराची नोकरी घालवली, आणि ती त्याचं कौतुक करून घालवली. चुगली केली असती, वर जाऊन कागाळी केली असती, तर एव्हाना कुणीतरी मला तोंडावर शिव्या घातल्या असत्या आणि प्रकरण संपलं असतं. कौतुक करणाऱ्याला कोणी शिव्या घालत नाही. त्याला चहा पाजतात.

गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागची. वसई-विरारच्या पट्ट्यात तेव्हा इमारती उगवत होत्या आणि त्यांच्या मागोमाग कॉलेजं. मी बोळिंजला फ्लॅट घेतला होता. इमारतीच्या नावात 'सागर' होता आणि नळाला पाणी नव्हतं. आमचं कॉलेज तसं जुनं, सरकारी अनुदानावर चालणारं. मी तिथे अर्थशास्त्र शिकवायचो. 'शिकवायचो' हे सवयीने लिहिलं. मी अर्थशास्त्र वाचून दाखवायचो आणि मुलं ते उतरवून घ्यायची. माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतल्या नोट्स होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या मी वर्गात मोठ्याने वाचायचो, थांबायचो, पुन्हा वाचायचो. मुलांची मान खाली, माझी मान खाली. अशा अवस्थेत माणसं वर्षानुवर्षं सुखाने राहू शकतात.

मग आमचे प्राचार्य कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी कार्यशाळेला गेले आणि पिअर कोचिंग घेऊन परत आले. लोक तिथून चिक्की आणतात.

स्टाफरूममध्ये सभा झाली. "आता आपण एकमेकांना शिकवायचं," प्राचार्य म्हणाले. "दोघादोघांच्या जोड्या. एकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायचं, बघायचं आणि मोकळेपणाने सांगायचं. बॉस म्हणून नाही, मित्र म्हणून."

'कोचिंग' हा शब्द कानावर पडताच गणिताच्या सरांचा चेहरा उतरला. नालासोपाऱ्यात त्यांचे खाजगी क्लास जोरात चालत. त्यांना वाटलं, चौकशी आली. त्यांनी आठवडाभर क्लासचा बोर्ड उलटा करून ठेवला होता. हिंदीच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात नवरासुद्धा बसलेला मला चालणार नाही. हे काय नवीन?" आणि लगेच मोठ्याने, "फारच छान कल्पना आहे, सर!"

ही छान कल्पना प्रत्यक्षात कॅन्टीनमध्ये राबवली गेली. जोडीतले दोघे वडापाव मागवत आणि एकमेकांचे फॉर्म भरत. वर्गात जायची गरज कुणाला पडली नाही. "तुम्ही मला 'उत्कृष्ट' द्या, मी तुम्हाला 'अत्युत्कृष्ट' देतो, तुम्ही सीनियर आहात." एकच अडचण होती. फॉर्मवर 'सुधारणेस वाव' असा रकाना होता आणि प्राचार्यांची सक्त ताकीद होती की तो रिकामा ठेवायचा नाही. माणसाबद्दल काही लिहायचं म्हणजे वैर. शेवटी कोणीतरी डोकं लढवलं आणि लिहिलं, 'फळा गुळगुळीत झाला आहे, खडू उमटत नाही.' ते इतकं बिनधोक होतं की सगळ्यांनी तेच लिहिलं. प्राचार्यांनी सगळे फॉर्म वाचले, गंभीर झाले, आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातले यच्चयावत फळे हिरव्या रंगाने रंगवून घेतले. आमच्या पिअर कोचिंगने सुधारलेली पहिली गोष्ट ती.

दुसरी गोष्ट म्हणजे मी. आणि ती सुधारली माझ्या जोडीदाराने.

तो माझ्याच वयाचा, माझ्याच विषयाचा. किनाऱ्याकडच्या गावात त्यांची वाडी होती; केळी, पानवेल, सोनचाफा. मुलं त्याला 'वाडीवाले सर' म्हणत. वसईबाहेरच्यांना वाडीवाला म्हणजे श्रीमंत वाटतो, पण चार भावांत वाटणी झालेली वाडी म्हणजे आंघोळीच्या पाण्यावर जगणारी केळीची रांग. त्याला नोकरी हवी होती. मुख्य म्हणजे त्याला शिकवायची हौस होती, जी आमच्यात कुणाला नव्हती. तो तासिका तत्त्वावर होता. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य, जून आला की पुन्हा अर्ज. आमच्या विभागात एक कायमचं पद कधीचं रखडलं होतं. ते भरायची परवानगी आली की तो उभा राहणार, निवड समितीसमोर एक तास शिकवून दाखवणार, आणि मग त्याचं आयुष्य मार्गी लागणार, असं सगळे धरून चालले होते. तोही. त्याचं लग्नही त्या पदासाठी थांबलं होतं.

त्याने पिअर कोचिंग खरंच केलं. ही त्याची चूक. सगळ्या कॉलेजात ही चूक करणारा तो एकटा.

एक दिवस मी वर्गात शिरलो तर हा मागच्या बाकावर, मुलांच्या मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मी नोट्स काढल्या आणि नेहमीप्रमाणे सुरू केलं. तास संपल्यावर आम्ही कॉलेजमागच्या टपरीवर गेलो. त्याने दोन चहा सांगितले.

"सर, राग मानू नका."

"अहो, बोला की. मित्र म्हणून," मी म्हणालो, प्राचार्यांच्या आवाजात. आम्ही दोघेही हसलो.

"तुम्ही स्वल्पविरामसुद्धा सांगता."

"म्हणजे?"

"'मागणी स्वल्पविराम पुरवठा स्वल्पविराम आणि किंमत पूर्णविराम.' माझ्या शेजारच्या पोराने एका ठिकाणी 'स्वल्पविराम' असं अक्षरात लिहिलंय. मी बघितलं."

मी हसायचा प्रयत्न केला. तो हसला नाही.

"सर, सगळ्यांना वाटतं पोरं तुम्हाला घाबरून गप्प बसतात. तसं नाहीये. तुम्ही घाबरता पोरांना. वर बघितलं तर कुणी काही विचारेल, म्हणून तुम्ही वर बघतच नाही."

चहा गरम होता म्हणून बरं, काहीतरी करता आलं. मी फुंकत बसलो. मला राग आला होता, कारण ते खरं होतं. मी त्या वर्षांत वर्गात जाण्याआधी संडासला जायचो, हे त्याला कळलं असतं तर त्याने तेही सांगितलं असतं.

"मग करू काय?"

"एक प्रश्न विचारा आणि गप्प राहा. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. कितीही वेळ गेला तरी. फार अवघड असतं सर, पण कुणीतरी बोलतंच."

पुढच्या तासाला मी नोट्स पिशवीतच ठेवल्या. विचारलं, "पापलेट अर्नाळ्याला उतरतं. मग ते अर्नाळ्यात स्वस्त का नाही?"

शांतता. पंखा. कुणीतरी खोकलं. मी गप्प. एवढी लांब शांतता मी त्याआधी कुठल्या मयतालाही ऐकली नव्हती. तोंडाशी आलेलं उत्तर मी गिळत होतो. मग मागून, कोळीवाड्यातला एक मुलगा, जो वर्षभर माझ्याकडे बघतही नव्हता, बसूनच म्हणाला, "खानारा मुंबईत हाय ना, सर. आमाला कोन देतंय पापलेट? आमी बोंबील खातो."

वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, "मग भाव ठरवतो कोण, मुंबईवाला की तुझा बाप?" आणि तो मुलगा उभा राहिला, आणि त्यानंतर तास संपेपर्यंत मला फारसं काही करावं लागलं नाही. बाजारपेठ म्हणजे काय ते माझ्या पिवळ्या नोट्सपेक्षा त्यांनी बरंच बरं मांडलं. बाहेर आलो तर माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि मला पळत सुटावंसं वाटत होतं, आनंदाने. त्या माणसाने मला माझा पेशा दिला. याहून सौम्य शब्दांत ते सांगता येत नाही.

आता माझी पाळी.

मी त्याच्या वर्गात मागे बसलो. तो सुंदर शिकवत होता. हात हलवत होता, फळ्यावर झरझर आकृत्या काढत होता, केळीचा भाव आणि पानाचा भाव यांची उदाहरणं देत होता. आणि हे सगळं तो एकाच मुलीला शिकवत होता. कामणहून येणारी, दुसऱ्या बाकावरची, दोन वेण्यांची मुलगी. ती मान हलवायची. त्याने वाक्य टाकलं की ती मान हलवायची, आणि मान हलली की तो पुढच्या वाक्यावर जायचा. बाकी वर्ग त्याला दिसतच नव्हता. डावीकडे मुलं चक्क पत्ते पिसत होती. तो त्यांच्यावर रागावतही नव्हता, कारण त्याच्या हिशेबी ती तिथे नव्हतीच. काही वेळाने त्याची नजर माझ्यावर पडली. सवयीने, निव्वळ सभ्यपणाने, मी मान हलवली. झालं. त्या क्षणापासून त्याने ती मुलगी सोडली आणि उरलेला सगळा तास मला शिकवला. मागणीची लवचीकता, एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला. आणि मी मान हलवत राहिलो.

त्या मुलीला नंतर जिन्यात गाठलं. म्हटलं, "तुला बरं समजतं गं सरांचं."

"छे हो सर!" ती म्हणाली. "कायपण कळत नाही. पण ते माझ्याकडेच बघतात ना, मग मान हलवायला लागते. नाही हलवली तर किती वाईट वाटेल त्यांना!"

म्हणजे रोग काय ते मला कळलं होतं, आणि त्याचा पुरावाही मिळाला होता. औषध सोपं होतं. एक वाक्य: 'तुम्ही एकाच माणसाला शिकवता, आणि त्यालाही कळत नसतं.' टपरी तीच होती, चहा तोच होता. तो माझ्याकडे बघत होता, जसा कुणी डॉक्टरकडे बघतो.

"बोला सर. स्पष्ट."

"उत्तम," मी म्हणालो.

"नाही पण, काहीतरी असेलच ना?"

"अहो, खरंच उत्तम. खोट काढायला जागाच नाही."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "फळ्याबद्दल तरी लिहा." आणि आम्ही पोट धरून हसलो.

मी असं का केलं, हे स्वतःला विचारायला मला पुष्कळ वर्षं मिळाली. पहिली काही वर्षं मी म्हणायचो, भिडस्तपणा. आपल्यात तोंडावर कसं बोलायचं, वगैरे. भिडस्तपणा हा फार सोयीचा शब्द आहे. तो स्वभाव वाटतो. पण भीड मला त्या टपरीवर वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं. माझी लाज ज्याने उघडी केली होती, त्याचीही एक लाज आता माझ्या मुठीत होती. शिवाय कॉलेजात तोवर कुजबुज सुरू झाली होती की अलीकडे माझा वर्ग छान होतो. जे पहिल्यांदाच मिळालं होतं ते वाटून घ्यायची मला घाई नव्हती. एवढंच होतं ते. मोठं काही नाही. क्षुद्र गोष्टींना फार जागा लागत नाही.

वर्ष-दीड वर्ष गेलं. ती कामणची मुलगी पास होऊन गेली, तिच्या जागी दुसरी मान आली. मग परवानगी आली, जाहिरात आली, त्याचा अर्ज गेला. मुलाखतीच्या आदल्या रविवारी त्याने मला वाडीवर बोलावलं. ओटीवर बसून त्याने मला सगळा तास बोलून दाखवला. त्याची आई सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी घेऊन आली आणि आपल्या घरच्या बोलीत त्याला काही म्हणाली. मला ते कळलं नाही. त्याने हसून सांगितलं, "ती म्हणते, या सरांना सगळं आधी विचारून घे, ते तुझ्याबद्दल खोटं बोलणार नाहीत."

मी सुकेळं तोंडात टाकलं.

"काही बदलू का, सर? अजून वेळ आहे."

"काही बदलू नका. असाच घ्या तास."

"एकच करा. तुम्ही मागे येऊन बसा. प्राचार्यांना मी विचारलंय, ते म्हणाले जोडीदाराला परवानगी आहे. तुम्ही समोर दिसलात की मला सुचतं."

"बसतो की. त्यात काय!"

ऐकणाऱ्याला ही मैत्री वाटेल. मला मात्र पुरतं कळलं होतं की तो माझी मान मागतोय. ती तरी द्यावी, असं मी मनाशी ठरवलं होतं. हे खरं आहे, पण त्याचा उपयोग काय.

मुलाखतीच्या दिवशी समितीचे अध्यक्ष लवकर आले. प्राचार्यांना त्यांच्यावर छाप पाडायची होती, आणि छाप पाडण्यासारखं आमच्याकडे हिरवे फळे सोडले तर पिअर कोचिंगच होतं. शिपाई मला बोलवायला आला. केबिनमध्ये अध्यक्ष, प्राचार्य, बिस्किटं. "हे आमचे उत्तम उदाहरण," प्राचार्य म्हणाले. "सांगा सर, तुमच्या अध्यापनात काय फरक पडला?"

मी सांगू लागलो. नोट्स, शांतता, पापलेट. अध्यक्ष रंगले. "जोडीदाराशी प्रामाणिक राहणं हाच गाभा," असं वाक्य मी त्या केबिनमध्ये बोललो. घोकून ठेवल्यासारखं ते तोंडातून आलं. घंटा झाली, बाकीची समिती वर्गाकडे गेली. 'मला तिथे बसायचंय' एवढं म्हणायला खर्च नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, "मग पुढे?" आणि मी पुढे सांगितलं. अध्यक्ष शेवटच्या पाच मिनिटांसाठी उठून वर्गात गेले. मी बिस्किट संपवलं.

वर्गात काय झालं ते मला हिंदीच्या बाईंनी सांगितलं, त्या व्यवस्थेला होत्या. वर्ग निवडक मुलांचा होता, शिस्तीत बसवलेला, हलायचं नाही अशी तंबी दिलेला. एकही मान हलेना. तो आला, मागच्या बाकाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि सुरुवातीलाच अडखळला. मग त्याला एक मान सापडली. समितीत बाहेरून आलेले एक वयस्क तज्ज्ञ होते. जेवण जड झालं होतं, ते डुलक्या घेत होते. त्यांची मान हळूहळू खाली जायची आणि झटक्यात वर यायची. "आणि सर," बाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "हे अख्खा तास त्यांनाच शिकवत होते हो! मुलांकडे बघितलंसुद्धा नाही. ते घोरायला लागले तेव्हा तर यांनी आवाज वाढवला."

मी हसलो. बाई हसत होत्या म्हणून हसलो, असं म्हणायची सोय आहे. पण मला हसू आलंच होतं.

पद बाहेरच्या एका उमेदवाराला गेलं. प्राचार्यांकडून कळलं की शेऱ्यात लिहिलं होतं, विषयाची जाण उत्तम, विद्यार्थ्यांशी संपर्क नाही. जूनमध्ये त्याच्या तासिकाही गेल्या, कारण आता कायमचा माणूस आला होता.

तो शेवटचा भेटायला आला तेव्हा टपरीवर आम्हीच दोघे होतो. त्याला शेरा माहीत नव्हता. "काय चुकलं असेल हो?" त्याने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, वसईत आणखी कॉलेजं होती, विरारला नवं निघत होतं, तो तिथे अर्ज करणार होता. तेव्हाही वेळ गेली नव्हती.

मी म्हणालो, "तुमचं काय चुकणार? आधीच ठरलेलं असतं सगळं. वशिला, दुसरं काय."

त्याचा चेहरा उजळला. मला अजून तो दिसतो. आपण नालायक नाही, जगच तसं आहे, हे कळल्यावर माणसाला जे हायसं वाटतं ते त्याला वाटलं. आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं की आता अर्ज करायचे नाहीत. ठरलेल्या ठिकाणी डोकं कशाला आपटायचं! त्याने पुन्हा कुठे अर्ज केला नाही. भाऊ पहाटे फुलं घेऊन दादरला जात, तो त्यांच्याबरोबर जाऊ लागला.

पहिलं खोटं मी आळसाने आणि हावेने बोललो होतो. या दुसऱ्याने त्याला घरी बसवलं.

माझं चांगलं झालं. पिअर कोचिंगवर मी परिसंवादांत निबंध वाचले. कुठेही बोलावलं की पापलेटची गोष्ट सांगायचो. ती हमखास चालते. त्यात 'माझ्या एका सहकाऱ्याने' असा उल्लेख असतो. पुढे उपप्राचार्य झालो. नव्याने लागलेल्या शिक्षकांना दरवर्षी मीच सांगतो की मित्राला खरं सांगायला हिंमत लागते. ते वहीत उतरवून घेतात. मान हलवतात.

तो अधूनमधून भेटतो, बहुधा वसईच्या बाजारात. केस पांढरे झालेत, लग्न उशिरा झालं, मुलगी आता कॉलेजात आहे. मागच्या वेळी तिला बरोबर घेऊन होता. "हे बघ," तिला म्हणाला, "त्या कॉलेजात एकटे हे माझ्याशी सरळ वागले. बाकी सगळे राजकारणी." मुलगी वाकून पाया पडायला लागली. मी तिला अर्ध्यात धरलं आणि 'अगं, असू दे' म्हणालो. तिथेही मी गप्पच राहिलो. मुलीसमोर कसं सांगायचं, असं कारण मिळालं होतं. मला कारणं नेहमी वेळेवर मिळतात.

तो चुकत होता आणि ती चूक सुधारण्यासारखी होती, हे मी त्याला सांगायचं आहे. निवड समितीने त्याच्यावर अन्याय केला नव्हता, मी केला होता, हेही सांगायचं आहे. या दोन्ही गोष्टी मी त्याचं देणं लागतो, आणि हे लिहून होईपर्यंत त्यातली एकही मी दिलेली नाही.